मुलींची होडी आणि घरची सही



द्वारका हे नाव ऐकले की पुराणाची थोडीफार ओळख असलेल्या माणसाला प्रथम समुद्र आठवतो. आपल्या या द्वारकेला समुद्र नाही. येथे मुंबई-आग्रा रस्त्याला पुण्याचा रस्ता येऊन मिळतो आणि रात्रंदिवस जो लोंढा वाहतो तो मोटारींचा. जवळून नासर्डी जाते खरी, पण तिला नदी म्हणावयास अंगी थोडे धाडस असावे लागते. अशा कोरड्या ठिकाणी आम्ही होडीवर बोलावयास उभे राहिलो आहो, याबद्दल चालकांना दोष देऊ नये. विषय आम्हीच मागून घेतला. गेले चार महिने तो आमच्या घरात ठाण मांडून बसला आहे, आणि चार शहाण्या माणसांपुढे मांडल्याखेरीज आमच्या घरातला कोणताही प्रश्न आजवर सुटलेला नाही.

झाले असे. आमची थोरली बहीण, जिला आम्ही अक्का म्हणतो, तिची नात येथल्या एका महाविद्यालयात शिकते. गेल्या वर्षापासून ती रविवारी पहाटे गंगापूर धरणाच्या फुगवट्याकडे जाऊ लागली. आम्हांला वाटले, सहल असेल. पुढे एके दिवशी ती जेवावयास बसली तेव्हा तिच्या तळहातावरचे फोड आमच्या दृष्टीस पडले. विचारता कळले की पोरगी वल्हवावयास शिकते आहे. यापुढची पायरी जानेवारीत आली, ती एका छापील कागदाच्या रूपाने. सहा मुली, तीन होड्या, दिवाळीनंतर गोदावरी. नांदूरमध्यमेश्वराच्या खालून निघावयाचे, कोपरगाव, पुणतांबे करीत प्रवरा जेथे गोदावरीस मिळते त्या कायगाव टोक्यापर्यंत जावयाचे. रात्री काठावर मुक्काम. कागदाच्या तळाशी ‘पालकाची सही’ म्हणून एक रेघ.

मुलगी सज्ञान आहे, तेव्हा कायद्याला ही सही लागत नाही. पण नेणाऱ्यांना ती हवी होती, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे मुलीला हवी होती. तिचे वडील, म्हणजे आमचे भाचे, बँकेत आहेत. कोणतेही जोखमीचे प्रकरण शेरा मारून पुढच्या टेबलाकडे सरकवावे हे त्यांच्या हाडीमाशी खिळले आहे. त्यांनी तो कागद आमच्याकडे पाठविला. निरोप असा : “मामा, तुम्ही पोहणारे. तुम्हीच काय ते ठरवा.”

आता आम्ही पोहणारे कसे झालो ते सांगितले पाहिजे, कारण या कागदाची खरी गोष्ट तेथेच सुरू होते. आमच्या लहानपणी नाशकातल्या मुलाला पोहणे शिकविण्याची पद्धत मोठी सोपी होती. पाठीला वाळका भोपळा बांधावयाचा आणि गांधी तलावात ढकलून द्यावयाचे. आम्ही सात वर्षांचे असताना, १९५९ साली, आमचे असे समारंभपूर्वक विसर्जन झाले. अक्का तेव्हा बारा वर्षांची. ती घाटाच्या पायरीवर आमचे कपडे सांभाळीत बसे. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस वर्तमानपत्रात बातमी आली की आरती साहा नावाची एकोणीस वर्षांची बंगाली मुलगी इंग्लिश खाडी पोहून गेली. आशियातली पहिली स्त्री. अक्काने ती बातमी वडिलांना मोठ्याने वाचून दाखविली आणि त्याच दमात विचारले, “मलाही भोपळा बांधाल का?” वडील रागावले नाहीत. ते हसून म्हणाले, “अगं, त्या बंगालकडच्या. तिकडे नद्या मोठ्या असतात.” विषय संपला. अक्काला पुढे चार मुले झाली, तिने दोन घरे बांधली, १९६९ च्या पुरात दुतोंड्या मारुतीच्या डोक्यावरून पाणी गेले तेव्हा सराफ बाजाराच्या बाजूला राहणाऱ्या नातलगांचा संसार तिने डोक्यावरून वाहिला. पण पाण्यात ती घोट्यापलीकडे कधी उतरली नाही. आज तिला एकोणऐंशीवे चालू आहे.

हे मनात असल्यामुळे ‘नाही’ असा शेरा मारणे आम्हांला जड गेले. पण नुसत्या जुन्या हळहळीपोटी ‘हो’ म्हणणे हाही बेजबाबदारपणाच. नदी कोणाच्या आजीची इच्छा पाहून वागत नाही. म्हणून आम्ही ठरविले की चौकशी करावी. तयारी म्हणजे काय, ती कशी करतात, आणि आपल्या पोरींनी ती केली आहे काय, हे पाहावे.

प्रथम होडीची ओळख करून घेऊ. आपल्या जिल्ह्याचे नाव नौकानयनात झाले ते दत्तू भोकनळ यांच्यामुळे. चांदवड तालुक्यातले तळेगाव रोही हे त्यांचे गाव, पाण्याची टंचाई पिढ्यान्‌पिढ्या सोसलेले. तेथला हा मुलगा सैन्यात गेला, तेथे वल्हे हाती धरले आणि २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकला पोचला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या होडीत सुवर्णपदक मिळविणाऱ्यांत तो होता. पण भोकनळांची ती होडी वेगळी. तीत माणूस पाठीकडे जातो. तोंड मागे, वल्ही होडीला अडकविलेली, कोठून आलो ते दिसते, कोठे चाललो ते दिसत नाही. आमच्या नातीची होडी ती ‘कनू’. उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची ही होडी. ते ती भूर्जाच्या सालीची बांधीत. तीत तोंड पुढे करून बसावयाचे किंवा गुडघे टेकावयाचे, आणि एका पात्याचे सुटे वल्हे दोन्ही हातांनी धरून एका अंगाने पाणी मागे लोटावयाचे. दोन पात्यांचे वल्हे असले की ती कयाक. आपल्या कोकणात एकाच लाकडाची कोरलेली डोण असते, तिच्याशी कनूचे नाते जवळचे आहे.

दोघी बसल्या की पुढची जोर लावते, मागची दिशा सांभाळते. मागची ती तांडेल. एकाच अंगाने वल्हवीत राहिले तर होडी गोल फिरू लागेल, म्हणून प्रत्येक झटक्याच्या शेवटी मागची पाते जरा बाहेरच्या बाजूस वळविते, म्हणजे नाक सरळ राहते. हे ऐकावयास सोपे आहे. आमच्या नातीला त्यास सहा रविवार लागले. जोर दंडाचा लावावयाचा नाही, कमरेचा व पाठीचा लावावयाचा, हे कळावयास आणखी चार. दंडाने वल्हविणारी मुलगी तासाभरात गळते. कमरेने वल्हविणारी दिवसभर जाते, आणि मोहीम दिवसभर वल्हविणाऱ्यांची असते. जाता जाता एक सांगतो. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना कयाक १९४८ पासून मिळाली, पण कनू मिळावयास टोकियोचे, म्हणजे प्रत्यक्षात २०२१ साली झालेले, ऑलिंपिक उजाडावे लागले. तेव्हा बायकांना भोपळा न बांधणारे वडील केवळ आमच्याच घरात होते असे नव्हे.

आता लांबच्या पल्ल्याचे बोलू. आपल्या देशात मुलींनी नदीचा लांब पल्ला गाठल्याचे ठळक उदाहरण १९९४ चे आहे. बचेंद्री पाल, ज्यांनी दहा वर्षे आधी एव्हरेस्ट सर केले होते, त्यांच्या नेतृत्वाखाली अठरा स्त्रिया रबरी तराफ्यांतून हरिद्वारहून निघाल्या आणि २१५५ किलोमीटर गंगा उतरून कलकत्त्याला पोचल्या. एकोणचाळीस दिवस लागले. भागाकार करून पाहा. रोजचे पंचावन्न किलोमीटर पडतात. हिमालयातला खळाळ तो थोडा; पुढे शेकडो कोस संथ, रुंद, उन्हाने तापलेले पाणी. पर्वतावर चढणाऱ्या बाईला धैर्याचा तोटा नसतोच, परंतु मैदानातली नदी धैर्यापेक्षा चिकाटी अधिक मागते.

परदेशचे एक उदाहरण आम्हांला विशेष आवडले. अमेरिकेत १९३० साली एरिक सेव्हराइड नावाचा नुकता शाळा संपविलेला मुलगा एका मित्रासह मिनेसोटातून कनूने निघून कॅनडातल्या हडसन उपसागरापर्यंत गेला. त्याचे पुस्तक तिकडे पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी वाचले. वाचले मुलींनीही, पण ते करून पाहणाऱ्या मुली निघावयास २०११ साल यावे लागले. नॅटली वॉरेन आणि ॲन रायहो या दोघी महाविद्यालय संपवून निघाल्या व सुमारे २००० मैल वल्हवून उपसागराला पोचल्या. वाटेचा पहिला भाग प्रवाहाच्या उलट, तोही नदीला पूर असताना! पुढे विनिपेग सरोवर, जे समुद्रासारखे खवळते; आणि शेवटी अस्वलांचा मुलूख, ज्यासाठी त्यांनी वाटेत एक कुत्रा सोबतीस घेतला. मात्र या दोघी एकाएकी उठून निघाल्या नव्हत्या. शाळकरी वयात एका उन्हाळी शिबिरात त्यांची गाठ पडली होती, आणि अरण्यातल्या लांबलचक कनू-सहली त्यांनी मोहिमेच्या कितीतरी आधी केलेल्या होत्या. तिकडे अशी शिबिरे आहेत. वर्षानुवर्षे मुली तेथे आधी तीन दिवस, मग आठ, मग पंधरा, अशा चढत्या मात्रेने पाण्यावर राहावयास शिकतात. आपल्याकडे मात्रा एकदम द्यावयाची किंवा मुळीच द्यावयाची नाही, अशी रीत आहे.

पण तयारी या शब्दाचा पुरता अर्थ आम्हांला उमगला तो आपल्या आरमाराच्या ‘तारिणी’ने. ही शिडाची नौका. लांबी छपन्न फूट, म्हणजे आपल्या एखाद्या वाड्याच्या चौकाएवढी. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात ती बांधली. १० सप्टेंबर २०१७ रोजी सहा स्त्री अधिकारी तीतून गोव्याहून निघाल्या : वर्तिका जोशी, प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, ऐश्वर्या बोड्डपाटी, विजयादेवी आणि पायल गुप्ता. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, फॉकलंड बेटे, केपटाउन असे मुक्काम करीत, जानेवारीत केप हॉर्नला वळसा घालून, २१ मे २०१८ रोजी त्या गोव्यास परतल्या. वाटेत साठ नॉटांहून अधिक वेगाचा वारा आणि सात मीटरपर्यंतच्या लाटा त्यांनी सोसल्या. सात मीटर म्हणजे दुमजली घराची उंची. शेवटच्या टप्प्यात सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला म्हणून मॉरिशसला थांबावे लागले.

वर्तमानपत्रांत हे सर्व आले. जे कोपऱ्यात आले ते आम्हांला अधिक मोलाचे वाटते. या सहाजणींपैकी कोणी नौकाबांधणीच्या शाखेतल्या, कोणी हवाई वाहतूक नियंत्रणाच्या, कोणी शिक्षण विभागाच्या. शिडाच्या नौकेवर आयुष्य काढलेले त्यांत कोणी नव्हते. त्यांना शिकविले दिलीप दोंदे यांनी. २००९-१० साली ‘म्हादेई’ नौकेतून एकट्याने शिडावर पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ते हेच. त्या सगळ्या उपक्रमाची कल्पना ॲडमिरल मनोहर आवटी यांची. निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णीत राहून हा वृद्ध दर्यावर्दी समुद्राची स्वप्ने पाहत होता. मराठी माणूस समुद्राला पाठ करून बसतो असे म्हणणाऱ्यांनी ही दोन नावे ध्यानात ठेवावीत. मुलींचे शिक्षण कोचीला वर्गात झाले : दिशाशोधन, हवामान, दळणवळण. नंतर म्हादेईवर प्रत्यक्ष. मॉरिशसपर्यंत जाऊन आल्या, पुढे केपटाउनचा पल्ला केला. प्रदक्षिणेस निघण्यापूर्वी त्यांच्या अंगावरून हजारो सागरी मैल गेले होते. स्वतःची नौका बांधली जात असताना त्या तिच्याशी परिचय करून घेत होत्या, कारण भर समुद्रात नळ गळू लागला तर प्लंबर बोलावता येत नाही.

त्याच तारिणीवर दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच २ ऑक्टोबर २०२४ ला निघाल्या आणि २९ मे २०२५ ला गोव्यास परत आल्या. २५,६०० सागरी मैल, २३८ दिवस. सहाजणींचे काम दोघींनी. आणि ११ सप्टेंबर २०२५ रोजी तिन्ही दलांतल्या दहा स्त्री अधिकारी लेफ्टनंट कर्नल अनुजा वरुडकर यांच्या नेतृत्वाखाली ‘त्रिवेणी’ नौकेतून गेटवे ऑफ इंडियापासून प्रदक्षिणेस निघाल्या. वरुडकर आडनावाच्या बाईच्या हाती पृथ्वीप्रदक्षिणेचे सुकाणू पाहून आम्हांला कोण आनंद झाला! अक्काला सांगितले, तर ती म्हणाली, “अरे, तिच्या घरी कोणी सही केली असेल का रे?”

आम्ही गप्प बसलो.

कोणी म्हणेल, महासागर कोठे आणि कोपरगावची गोदावरी कोठे. आम्हीही तसेच म्हणत होतो. पण चौकशी करू लागलो तेव्हा ध्यानात आले की आपली नदी लहान असली तरी साधी नाही. कॅनडाच्या अरण्यात भीती एकांताची. येथे ती माणसाने करून ठेवलेल्या गोष्टींची. पहिली गोष्ट बंधारे. नांदूरमध्यमेश्वरापासून खाली ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. वरून येणाऱ्या होडीतून बंधारा दिसतच नाही. पाण्याची एक सरळ रेघ दिसते आणि पुढे आवाज. वरून पडणारे पाणी पायथ्याशी खाली जाऊन पुन्हा बंधाऱ्याकडेच उलटे वळते. त्या घुसळणीत सापडलेले ओंडके दिवसच्या दिवस तेथेच लोळताना तुम्ही पाहिले असतील. माणूसही तसाच लोळतो, मग तो कितीही पट्टीचा पोहणारा असो. यावर उपाय एकच : बंधाऱ्याच्या बऱ्याच आधी काठाला लागावयाचे, होडी खांद्यावर घ्यावयाची आणि पायी वळसा घालावयाचा. तीसएक किलोची होडी, सामान वेगळे, चिखल आणि बाभळीचे काटे. तिकडच्या अरण्यातही धबधबा आला की हेच करतात. त्यामुळे कनूची मोहीम ही निम्मी हमालीची मोहीम असते.

दुसरी गोष्ट पाणी सोडण्याची. गंगापूर-दारणेच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडावे लागते. २००५ च्या कायद्याने आलेल्या समन्यायी पाणीवाटपाबद्दल नाशिककरांना आम्ही काय सांगावे! वर्तमानपत्रांतून तो वाद आपण दरवर्षी वाचतो. पण काठावर तंबू ठोकून झोपलेल्या सहा मुलींच्या दृष्टीने त्या वादाचा अर्थ इतकाच, की रात्री दहा हात लांब असलेले पाणी पहाटे पायाशी येते. २०१९ च्या ऑगस्टात दुतोंड्या मारुती बुडाला तो पूर साऱ्या गावाने पाहिला. आवर्तनाचे पाणी असे वाजतगाजत येत नाही, चोरपावलांनी येते. याशिवाय शेतीपंपांच्या तारा, मासेमारीची जाळी, वाळू उपशाने पडलेले खड्डे, जेथे घोटाभर पाण्यातून पुढचे पाऊल पुरुषभर खोलात पडते.

मग नाशकातूनच का निघत नाहीत, असा प्रश्न आम्ही विचारला. रामकुंडावर नारळ फोडून निघणे किती शोभून दिसले असते! नात म्हणाली, “मामाआजोबा, तपोवनाच्या खाली तुम्ही पाण्याचा वास घेतला आहे का?” आम्ही घेतला आहे. आपण सर्वांनी घेतला आहे. ज्या नदीला आपण आई म्हणून दिवा सोडतो तिच्यात हात बुडवावयास आपल्याच लेकी कचरतात, ही गोष्ट त्या मुलीने एका वाक्यात आमच्या पदरात टाकली. पुढे चांदोरी-सायखेड्याला पाणवेलींचा खच. त्या चांदोरीला पाणी उतरले की नदीच्या पात्रातली जुनी देवळे वर येतात. होडीतून ती पाहावयास आम्हीही गेलो असतो, पण वेलीत वल्हे अडकते आणि होडी म्हशीसारखी बसून राहते. नांदूरमध्यमेश्वरचे पाणी पक्ष्यांचे. २०२० साली महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून ते जाहीर झाले. तेथे होडी घालणे बरे नव्हे. म्हणून त्याच्या खालून.

आता एक गोष्ट सांगतो, ती नातीच्या परवानगीने. फेब्रुवारीत धरणाच्या फुगवट्यात तिची होडी उलटली. दुपारी अकराच्या सुमारास तेथे वारा सुटतो, हे ठाऊक असूनही ‘एक फेरी आणखी’ म्हणून दोघी आत गेल्या. आडवी लाट आली, दोघी एकाच अंगाला झुकल्या, संपले. अंगात तरंगजाकिटे होती म्हणून डोकी वर राहिली. पण जोडीदारीण घाबरून नातीच्या गळ्यालाच पडली, एक वल्हे वाहून गेले, आणि काठाला यावयास त्यांना पाऊण तास लागला. थंडीने ओठ निळे. हे तिने आईवडिलांना सांगितले नाही. चार दिवसांनी आमच्याकडे आली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, “सही करण्याआधी तुम्हांला हे ठाऊक असायला हवं.”

श्रोतेहो, त्या क्षणी आमच्या मनात दोन विचार आले. पहिला, कागद फाडून टाकावा. दुसरा, ही गोष्ट लपविण्यास तिला पूर्ण मुभा होती, आणि तिने ती आपल्या पायांनी येऊन सांगितली. पहिला विचार मामाआजोबांचा, दुसरा जुन्या मास्तराचा. आम्ही पस्तीस वर्षे शाळेत काढली. चूक करणारी मुले असंख्य पाहिली. सही व्हावयाच्या आधी चूक सांगणारी फारच थोडी. आम्ही एवढेच विचारले, “पुढे काय केलंत?”

तेव्हा तिने वही काढली. त्या दिवसानंतर सहाही जणींनी प्रत्येक रविवारी मुद्दाम होडी उलटवावयाचा सराव सुरू केला होता. अंगावर पूर्ण कपडे, पायांत बूट. उलटल्यावर आधी होडी धरावयाची, मग एकमेकींना हाक मारावयाची, वल्ह्याचा विचार शेवटी. दुसऱ्या होडीने येऊन उलटी होडी आपल्या काठावर आडवी ओढून रिकामी करावयाची. पाऊण तासाचे काम आता सहा-सात मिनिटांवर आले होते. प्रत्येक होडीत जादा वल्हे बांधलेले. पहाटे निघावयाचे, अकराच्या आत काठाला लागावयाचे, हा नियम. आणि तो मोडणारी कोणीही असो, तिने त्या दिवशी सर्वांची भांडी घासावयाची. हा शेवटचा कलम आम्हांला फार पसंत पडला.

वहीत खाण्याचा हिशेबही होता. माणशी रोजचे सातशे ग्रॅम कोरडे सामान, सहाजणी, दहा दिवस, म्हणजे बेचाळीस किलो. सातूचे पीठ, दशम्या पहिल्या तीन दिवसांपुरत्या, नंतर खिचडी, शेंगदाणे, गूळ. प्यावयाचे पाणी नदीचे नाही, गावातून भरून घ्यावयाचे. औषधांच्या यादीत मासिक पाळीची तरतूद स्पष्ट शब्दांत लिहिलेली. आमचे भाचे याच एका गोष्टीवरून गेले महिनाभर आडून आडून बोलत होते. मुलींनी ती टिंक्चर आयोडिनच्या खाली आणि दोरीच्या वर एका ओळीत लिहून टाकली होती.

आम्ही म्हटले, बंधाऱ्यांचे काय? नकाशावर खुणा होत्या. नकाशा आम्हांला पुरेना. आम्ही अट घातली : ज्या बंधाऱ्यावर होडी उचलावयाची तो प्रत्येक बंधारा आधी पायी जाऊन पाहावा, कोणत्या काठाने उतरावयाचे ते ठरवावे, त्या गावात निदान एका घराशी ओळख करावी. उन्हे तापली होती. वाटले, आता कुरकुर होईल. दोन सुट्ट्यांत त्या एसटीने आणि पायी हिंडून आल्या. उन्हाने रापलेल्या, वहीची नऊ पाने भरलेली. कोठे डावा काठ बरा, कोठे उजवीकडे विहीर आहे, कोठे कुत्री आहेत, कोठल्या पंपाची तार पाण्यावर लोंबते. एका गावात एका म्हातारीने त्यांना चहा पाजला आणि विचारले, “बाई, होडीतून जाऊन तुम्हांला मिळणार काय?” नात म्हणाली, “आम्ही विचार करून सांगू म्हटलं.”

तो कागद घेऊन आम्ही अक्काकडे गेलो. वही तिला वाचून दाखविली, होडी उलटल्याचेही सांगितले. तिच्यापासून काही लपविले तर ती आमची बहीणच नव्हे. ती डोळे मिटून ऐकत होती. मग म्हणाली, “मला एकदा ते उलटवणं बघायचंय.”

गेल्या रविवारी रिक्षा करून आम्ही तिला गंगापूरच्या काठावर नेले. पहाटेचे सहा. ती खुर्चीवर बसली, मांडीवर सहाजणींचे कोरडे कपडे. तीन होड्या पाण्यावर होत्या. नातीने हात वर केला आणि होडी उलटविली. अक्काने आमचे मनगट जे धरले ते दोघींची डोकी वर येईपर्यंत सोडले नाही. पाणी काढून होडी पुन्हा सरळ झाली, दोघी आत चढल्या, तेव्हा तिने हात सोडला आणि म्हणाली, “पुन्हा करायला सांग.” त्यांनी चार वेळा केले. परतताना रिक्षात तिने पेन मागितले. कागदावरच्या ‘पालकाची सही’ या रेघेवर तिने आपले नाव लिहिले, सावकाश, आडनावासकट. आम्ही खाली साक्षीदार म्हणून सही केली, आणि कागद भाच्यांकडे माहितीसाठी पाठविला.

वेळ संपत आली आहे असे अध्यक्ष खुणावीत आहेत. एक शेवटची विनंती. कोपरगाव, पुणतांबे, कायगाव या बाजूला नदीकाठच्या गावात ज्यांचे सोयरेधायरे असतील त्यांनी व्याख्यान झाल्यावर कृपा करून आम्हांला भेटावे. वहीत अजून दोन मुक्कामांपुढे घराचे नाव लिहावयाचे राहिले आहे, आणि दिवाळीनंतर पाणी केव्हा सोडतील याची बातमी देणारा माणूसही त्या बाजूला हवा आहे. आम्ही मंडपाच्या दाराशी, पादत्राणांजवळ उभे आहो.